पिंजऱ्यावर नाव कोणाचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर निफाड तालुक्यातल्या बिबट्याची बातमी होती. उसाच्या बांधावर लावलेला पिंजरा, आत बिबट्या, आणि पिंजऱ्याला खेटून उभी असलेली मंडळी. फोटोखाली नावं व्यवस्थित दिली आहेत: दोन अधिकारी, सरपंच, माजी सरपंच, जिल्हा परिषदेचे एक इच्छुकसुद्धा. उजव्या कडेला शटरची साखळी धरलेला एक हात कोपरापर्यंत दिसतो, पुढे फोटो कापला आहे. मनगटातल्या तांब्याच्या कड्यावरून मी तो हात ओळखला. तो एका वनमजुराचा आहे. पिंजरा आदल्याच दिवशी माझ्याकडून दुरुस्त होऊन गेला होता. तो चिखलातून नेणारा, नेमका कुठे ठेवायचा हे ठरवणारा आणि रात्रभर लांबून त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस तोच.

मी अंबडला फॅब्रिकेशनचं काम करतो. जिन्याचे कठडे, खिडक्यांची ग्रिल, बंगल्यांची गेटं, द्राक्षबागांचे अँगल हे रोजचं काम. बिबट्याचे पिंजरे ही मधूनच येणारी ऑर्डर. वन्यजीवप्रेमी वगैरे म्हणवून घ्यायचा मला हक्क नाही. मोकळा बिबट्या मी एकदाच पाहिला, तोही सिन्नरच्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात, आणि पहिली काच वर करून घेतली. पण पिंजरे नेणारी-आणणारी माणसं शेडमध्ये येतात, चहा घेतात, बोलतात. त्यांच्याकडून जे कळलं ते आपल्या वाचकांना कळावं म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त मजुरीचा भाग कापू नका.

पहिली ऑर्डर आली तेव्हा वनखात्याचे साहेब ड्रॉइंग घेऊन आले होते. त्यांच्या मागे एक वयस्कर वनमजूर गप्प उभे होते. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. साहेबांची गाडी वळली तसे मामा परत आत आले आणि म्हणाले, "शेठ, गजात चार बोटांचं अंतर दाखवलंय ना? दोन बोटं करा. आणि आतल्या अंगाला ग्राइंडर असा फिरवा की आंधळ्याने हात फिरवला तरी खरचटू नये."

कोंडलेला बिबट्या पहिल्या तासाभरात लोखंडावरच तुटून पडतो. गज चावतो, पंजा बाहेर काढतो, नखं उपटून घेतो, सुळे मोडून घेतो. सुळे मोडलेला बिबट्या परत सोडला तर धड शिकार करू शकत नाही. म्हणजे वेल्डरने टाक्याचा एक काटा घासायचा ठेवला तर त्याची किंमत आधी जनावर मोजणार आणि मग कुठल्या तरी वस्तीवरचं माणूस. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, मामांकडून कळलं.

त्यांनी आणखीही बरंच बदलायला लावलं. मागच्या बाजूला शेळीचा कप्पा वेगळा आणि त्याला दुहेरी जाळी: "शेळी मरायला नको, नुसती ओरडायला हवी." खाली पत्रा नको, फळी, कारण पत्र्यावर पंजा पडला की आवाज होतो आणि जनावर पाय मागे घेतं. शटरच्या खालच्या कडेला जाड रबर, शेपटी सापडली तर तुटू नये म्हणून. शटर गाळ्यातून एका दमात पडलं पाहिजे. अर्ध्यावर अडकलं तर बिबट्या बाहेर, आणि पुढे महिनाभर तो त्या पिंजऱ्याजवळ फिरकत नाही. ऑइलपेंट नको, वास राहतो. चारही कोपऱ्यांना पाइपाच्या नळ्या जोडा, त्यातून वासे घालून पिंजरा खांद्यावर घेता येतो. भिजलेल्या उसात ट्रॅक्टर जात नाही, माणूस जातो. ड्रॉइंगमध्ये ह्या नळ्या नव्हत्या. ड्रॉइंग काढणाऱ्याने पिंजरा कधी उचललेला नसावा.

एका पुढाऱ्यांनी गावाला पिंजरा भेट दिला तेव्हाची गंमत सांगतो. लोखंडाचे पैसे त्यांचे, त्यामुळे दोन्ही बाजूंना पिवळ्या अक्षरांत 'सौजन्य' आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, पदासकट. मी पेंटर बोलावून रंगवून दिलं. पिंजरा शिवारात गेला आणि मामांनी त्या नावावर चांगला हातभर शेण-चिखल थापला. कार्यकर्ते भांडायला आले. मामा म्हणाले, "साहेब, बिबट्याचं अजून मतदारयादीत नाव नाही." ते नाव आजही खाली शाबूत असेल. पण ज्यांनी तो पिंजरा वासे लावून उचलला त्यांचं नाव पिंजऱ्यावर नाही, बातमीत नाही आणि पुष्कळदा हजेरीपटावरसुद्धा धड नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ तिथे आहे.

विहिरीचं काम तर ह्याहून बिकट. सिन्नर, निफाड, दिंडोरी ह्या पट्ट्यात बिनकठड्याच्या विहिरी किती आहेत ते शेतकऱ्यांना विचारा. रात्री कुत्र्यामागे किंवा मांजरामागे पळताना बिबट्या आत पडतो, पोहत राहतो, कपारीला नाहीतर मोटारीच्या पाइपाला धरून बसतो. सकाळी मोटार चालू करायला आलेल्याला गुरगुर ऐकू येते. पथक आलं की आधी दोरांना बांधलेली बाज खाली सोडतात, जनावराला दम खायला. दमलेला बिबट्या बाजेवर चढून बसतो. मग पिंजरा उतरवतात, शटर उघडं ठेवून, अगदी पाण्याच्या पातळीला. आणि मग थांबायचं. काठावर चारशे माणसं मोबाइल उंच धरून शिट्ट्या मारत असतील तर बिबट्या पिंजऱ्यात जात नाही, बाजेवरच अंग चोरून बसतो. म्हणून दोर धरणाऱ्यांइतकेच गर्दी मागे सारणारे महत्त्वाचे. शिव्या खातात ते हेच. "आमच्या गावात येऊन आम्हालाच हाकलतो का?" असं गार्डला ऐकवणारे त्याच गावातले असतात आणि संध्याकाळी गार्डला फोन लावून "पोरांना शाळेत कसं पाठवू, भाऊ?" असंही तेच विचारतात. दोन्ही खरंच असतं. रागावणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. २०२० साली दारणाकाठच्या गावांनी बिबट्याच्या हल्ल्यांत काय सोसलं ते नाशिककर विसरलेले नाहीत.

भुलीच्या इंजेक्शनाबद्दलही लोकांचा गैरसमज आहे. सिनेमात डार्ट लागला की जनावर जागीच आडवं. प्रत्यक्षात औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात बिथरलेला बिबट्या कुठेही घुसू शकतो. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडला सावरकरनगरमध्ये भर वस्तीत बिबट्या आला तेव्हा जखमी झालेल्यांत पत्रकारही होते. आपल्या क्षेत्रातले लोक होते म्हणून आठवण करून देतो. बंदूक धरणाऱ्याचा फोटो येतो. बिबट्याचं वजन अंदाजाने सांगणारा, त्यावरून औषधाची मात्रा काढणारा पशुवैद्यक, गुंगीतल्या जनावराचे डोळे ओल्या फडक्याने झाकणारा, श्वास मोजत बसणारा, आणि पिंजऱ्यावर गोणपाट टाकून गचके न देता पहाटेपर्यंत गाडी चालवणारा ड्रायव्हर: ह्यांतलं कोणी फोटोत नसतं. कामात असतात, पोझ देणार कधी?

ऊसतोडीच्या दिवसांतली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. कोयता चालता चालता फडात पिल्लं सापडतात, डोळेसुद्धा न उघडलेली. ऊसतोड मजूर बाई पदरात घेऊन बाहेर आणते. पूर्वी ती पिल्लं शहरात जायची आणि आई पिल्लांसाठी वस्तीभोवती फिरायची, चवताळायची. आता पथक येतं, डॉक्टर पिल्लं तपासतात, गोचिड काढतात, आणि दिवस मावळला की पिल्लं जिथे सापडली तिथेच ठेवतात. कशात? टोमॅटोच्या कॅरेटमध्ये. आपल्या पिंपळगाव-गिरणारेच्या बाजारात हजारोंनी दिसतं ते प्लॅस्टिकचं कॅरेट. समोर कॅमेरा बांधायचा आणि सगळ्यांनी निघून जायचं. रात्री कधीतरी आई येते, एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा मांडामांड. ह्यात ना बंदूक ना पिंजरा, माझ्या धंद्याला तर एक रुपयाचा उपयोग नाही. पण शेतमालकाने एवढ्या कामापुरती ऊसतोड थांबवली, मुकादमाने टोळी दुसऱ्या फडात वळवली, बुडालेल्या कामाची कुरकुर गिळली, तेव्हा हे जमतं. त्या मुकादमाला कोणी निसर्गमित्र म्हणत नाही.

आता माझ्या पोटावर पाय देणारी गोष्ट लिहितो. हल्ला झाला की मागणी होते, पिंजरे वाढवा. आपलाही मथळा तोच असतो. पिंजरे विकणारा माणूस म्हणून मला आनंद व्हावा, पण मामा आणि त्यांच्या साहेबांचं बोलणं ऐकून माझं मत बदललं. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर भागात बिबटे धरून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा अभ्यास केला. धरून सोडल्याने हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. एक उचलला की मोकळ्या जागेत दुसरा येतो, आणि उचललेला अनोळखी मुलखात बिथरतो. केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सरसकट धरपकड करू नका असंच म्हटलं आहे. माणसावर हल्ला करणारा बिबट्या धरलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा मागणं म्हणजे मला धंदा आणि गावाला नवा, नवखा बिबट्या.

ह्याच अत्रेयबाईंनी आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावले होते. जंगल नाही, अभयारण्य नाही, नुसती शेती आणि वस्त्या, तरी दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेवरून खाणं काय हे पाहिलं, तर सगळ्यात जास्त कुत्री. कुत्री कशावर जगतात? उकिरड्यावर, हॉटेलच्या खरकट्यावर, कोंबडीच्या दुकानामागे टाकलेल्या आतड्यांवर. मग बिबट्याच्या कामात घंटागाडीवरची माणसंही आलीच की! आमच्या अंबडच्या कोपऱ्यावर दोन दिवस कचरा उचलला गेला नाही की कुत्र्यांचं संमेलन भरतं. घंटागाडीवरच्या ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "मग दादा, आम्हाला पण खाकी ड्रेस द्यायला सांगा."

विष्ठा सुकवून कागदी पाकिटात भरणारे, हल्ल्याच्या जागी जखमेवरची लाळ कापसाच्या बोळ्यावर घेणारे, तो नमुना बर्फात ठेवून पाठवणारे लोकही आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत डीएनए तपासून धरलेला बिबट्या हल्ला करणाराच आहे का हे पाहता येतं. तोपर्यंत इथे पिंजऱ्यातल्या जनावराला रोज मांस-पाणी घालायचं, पिंजरा धुवायचा. तो धुणाराही रोजंदारीचाच.

गिधाडांचं थोडक्यात सांगतो, कारण ते काम तर दिसतच नाही. रावणाशी झुंजून जटायू पडला ती जागा म्हणून आपण सर्वतीर्थ टाकेदला हात जोडतो. खरी गिधाडं संपत आली ती मात्र रावणाच्या हाताने नाही, गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे. ते औषध अंगात असलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झालं, २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक ह्या तशाच घातक औषधांवरही आली. बंदी कागदावर येते, पण गावात ती पाळतो तो डॉक्टर. गाय तापाने फणफणलेली, मालक म्हणतो "मागच्या वेळचंच लवकर गुण देणारं द्या", आणि डॉक्टर ऐकून न घेता गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम टोचतो. हरसूल भागात खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली गुरं ठेवण्याची जागा केली आहे. तिथे कोणतंही मढं टाकून चालत नाही, औषध टोचलेलं नाही ना हे विचारूनच टाकावं लागतं. मेलेला बैल ओढत नेणाऱ्याला वास येत नसेल का? अंजनेरीवर घिरट्या घालणाऱ्या गिधाडांचे सुंदर फोटो आपण छापता, जरूर छापा.

नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्यही तसंच. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून आपण पहिल्या पानावर अभिमानाने छापलं. हिवाळ्यात पर्यटकांना दुर्बीण देऊन "तो बघा, काळा शराटी" म्हणून दाखवणारी चापडगावची पोरं आणि मांडीभर पाण्यात उतरून जलपर्णी ओढणारे हात पुढच्या बातमीत आले नाहीत.

आता समुद्र. नाशिकच्या माणसाने समुद्रावर का बोलावं? एक तर वैतरणा आणि दमणगंगा आपल्याकडेच उगम पावून अरबी समुद्रालाच मिळतात. त्र्यंबकच्या डोंगरात टाकलेली कुरकुऱ्याची पिशवी कुठे जाते ते वेगळं सांगायला नको. दुसरं, माझ्या धाकट्या मेहुणीचं सासर गुहागरचं. तिचे पुतणे कासवमित्र आहेत. नोव्हेंबरापासून पहाटे चारला उठून बॅटरी घेऊन किनारा चालायचा. ऑलिव्ह रिडले मादी वाळूतून येऊन शंभरेक अंडी घालून गेलेली असते, तिच्या पायांचे माग ट्रॅक्टरच्या चाकासारखे दिसतात. कुत्री, कोल्हे, रानडुकरं घरटं उकरायच्या आत ते शोधायचं, अंडी उलटीपालटी न करता टोपलीत घ्यायची, कुंपणातल्या खड्ड्यात तेवढ्याच खोल पुरायची, तारीख लिहायची. मग पन्नासेक दिवस राखण. कोकणात ह्या कामाची सुरुवात २००२ साली वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी केली. आज पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. वेळासच्या घराघरांत त्या पाहुण्यांचं जेवण रांधणाऱ्या बायकांमुळे गावाला कासव परवडू लागलं, हे मला पुतण्याने सांगितलं. ही गोष्ट भाषणात कधी येत नाही.

मी त्याला म्हटलं, "तुमचं कुंपण फारच कच्चं आहे. अँगल-जाळीचं पक्कं करून देतो." तो म्हणाला, "नको काका, हंगाम संपला की किनाऱ्यावर आपलं काही उरता कामा नये." धंद्याच्या दृष्टीने असला गिऱ्हाईक वाईट!

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्याच किनाऱ्यावर दोन कासवांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. नावं बागेश्री आणि गुहा. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ होते, वनखात्याचा कांदळवन कक्ष होता. मला त्यात कुतूहल एकाच गोष्टीचं: चिकटवलं कसं? पुतण्याने सांगितलं, पाठ घासून, शेवाळ काढून, कोरडी करून, एपॉक्सी लावायचं आणि ते घट्ट होईपर्यंत कासवाला हलू द्यायचं नाही. म्हणजे आमच्यासारखंच, आधी पृष्ठभाग साफ, मग जोड. बागेश्री पुढे श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. नकाशावरची रेघ सगळ्यांनी पाहिली. पाय फडफडवणारं ते जड धूड रात्री धरून बसलेली चार माणसं रेघेत दिसत नाहीत.

आणि जाळं कापणारे कोळी. संरक्षित कासव, देवमासा, बहिरी मासा (व्हेल शार्क) जाळ्यात आला की पूर्वी नाइलाज असायचा. हजारोंचं जाळं कोण कापणार? डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकार अशा वेळी जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी जनावर सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. भर समुद्रात, हलत्या होडीत, एका हाताने सुरी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरणाऱ्या त्या तांडेलाला माझा नमस्कार पोचवा.

आता मजुरीचा भाग, ज्याला कात्री लावू नका म्हणालो तो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहींचे पैसे ठेकेदाराकडे दोन-दोन महिने अडकलेले असतात. ठेकेदार कोण ते मी लिहीत नाही, लिहिलं तर माझी बिलं अडकतील असं नाही, पण त्या मजुरांची रोजी जाईल. जखम झाली तर दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा यावर वाद. एकाच्या तळहातावर पिंजऱ्यातून आलेल्या पंजाने टाके पडले होते. त्याने आमच्या शेडमधले वेल्डिंगचे चामडी मोजे मागून नेले आणि आता तेच घालून तो कामाला जातो. खात्याच्या गार्डची स्थिती थोडी बरी, पण जीव त्यांचाही तेवढाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या तयारीचं काम करताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्यांचं नाव निदान छापून आलं. त्यांच्यासोबत त्या दिवशी चालणाऱ्या वनमजुरांची नावं आपल्या किती वाचकांना सांगता येतील? दरवर्षी ११ सप्टेंबरला वनशहीद दिन असतो. जिवंत असलेल्यांची मजुरी त्या दिवशी जमा झाली तरी पुष्कळ झालं.

आपल्या वार्ताहरांना एवढंच सांगा, की पिंजऱ्याचा फोटो काढताना साखळी कोणी धरली आहे हे विचारावं आणि ते नाव छापावं. पहिलं नको, चौथं चालेल. पाहुण्यांना जागा कमी पडली तर इच्छुकांचं नाव गाळा, त्यांना पुढे संधी आहे. आणि आठवड्याने एकदा फोन करून त्या जनावराचं, त्या जखमी माणसाचं पुढे काय झालं तेही छापा. बिबट्या 'जेरबंद' झाला की बातमी संपते आणि खरं काम तिथून सुरू होतं.

मामांनी मागे एक हिशेब मांडला होता: एका पिंजऱ्याच्या लोखंडात किती विहिरींना जाळी बसेल? आम्ही दोघांनी खडूने शेडच्या फरशीवर मांडून पाहिला. विहिरीच्या घेरावर अवलंबून आहे, पण एकापेक्षा जास्तच. तेव्हा निफाड, सिन्नर किंवा दिंडोरी तालुक्यातल्या ज्या ग्रामपंचायतीला किंवा शेतकऱ्याला बिनकठड्याच्या विहिरीवर जाळी बसवायची असेल, त्यांनी लोखंडाचे आणि रॉडचे पैसे द्यावेत, मजुरी मी घेणार नाही. माप मी स्वतः येऊन घेईन, तेवढं विहिरीजवळचं गवत आधी काढून ठेवा. शेडचा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. रविवारी शेड बंद असते.

आपला,
एक फॅब्रिकेटर
अंबड, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती. मामांना विचारलेलं नाही, म्हणून त्यांचंही नाव लिहिलेलं नाही. आपल्या वार्ताहराने त्यांना स्वतः विचारावं.)